त्या वेचणीतला एक इंग्रजी शब्द

यंदाही दिवाळी सरली आणि अकोल्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. सकाळी इथं लेकाच्या घरच्या ओट्यावर येऊन बसलं की बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या आणि धुरळा, सगळं एकदमच येतं. गाड्या खच्चून भरलेल्या असतात. झुळूक आली की पांढरे पुंजके सुटतात, हवेत जरा रेंगाळतात आणि मन मानेल तिथं उतरतात; तुळशीवर, वाळत घातलेल्या धुण्यावर, माझ्या केसांवर. शहरात वाढलेली माणसं सांगतात की कापसाला वास नसतो. असतो. उन्हानं तापलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, चुरगळलेल्या पानांचा किंचित कडसर वास त्याला चिकटून येतो. तो नाकात गेला की मी या ओट्यावर उरत नाही. अमरावतीजवळच्या आमच्या त्या शेतात जाऊन उभी राहते, तेव्हाच्या वयाची, तेव्हाच्या लुगड्यात. आणि घटकाभरानं, लुगड्याशिवाय.

हसू नका. मी स्वतः हसायला शिकले, पण त्याला वेळ लागला.

ते दिवस कापसाच्या वेडाचे होते. दूर कुठे अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथं भाऊ भावाशी लढत होते, तिथला कापूस विलायतेला पोहोचत नव्हता आणि म्हणून आमच्या काळ्या मातीला भाव आला होता. हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा इतकंच दिसायचं की माणसं घराच्या उंबऱ्यापर्यंत पऱ्हाटी लावताहेत. आम्ही माळी. पिढ्यान्‌पिढ्या शेवंती, वांगी, मिरच्या. माझ्या सासऱ्यांनी मात्र त्या साली मळ्यातली शेवंती उपटून बांधावर फेकली आणि तिथं बनी जातीचा कापूस पेरला. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, गावात आठवड्याला एक नवी पगडी दिसू लागली. आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात इंग्रजी शिरली.

कापूस घ्यायला मुंबईच्या पेढ्यांचे गोरे साहेब अमरावतीला उतरत. त्यांच्यात आणि शेतकऱ्यांत बोलायला दलाल असत, आणि दलाल दोन्हीकडचं आपल्या सोयीनं सांगत. ह्यांचं म्हणणं, आपल्याच माणसाला साहेबाची भाषा आली तर दलाल लागणारच नाही. म्हणून वेळ मिळेल तेव्हा हे चालत अमरावतीला जात आणि एका म्हाताऱ्याकडून इंग्रजी शिकत. तो म्हातारा मद्रासकडचा, धर्मानं किरिस्ताव. परतवाड्याच्या छावणीत पलटणीचा कारकून म्हणून आयुष्य काढून अमरावतीला येऊन राहिलेला. सगळे त्याला मास्तर म्हणत.

मास्तर शब्द कुळाकुळानं शिकवायचा. आज घरातले, उद्या अंगावरचे, परवा जनावरांचे. हे संध्याकाळी परत येत, मी अंगणात बसून कापसातला पाचोळा वेगळा करत असे, आणि हे बाजेवर पडून आभाळाकडे बघत घोकत असत. मला अक्षर येत नव्हतं, पण कान होते. हे विसरले की मी सांगायची. त्याचं ह्यांना कौतुकही वाटे आणि थोडा रागही येई.

"बेअर म्हणजे अस्वल," हे एकदा म्हणाले. मग थांबून, "अन बेअर म्हणजे उघडंही. बिनचपलेचा पाय, थो बेअर."

"काहीतरीच," मी म्हटलं. "अस्वलाच्या अंगावर तं एवढे केस! थे उघडं कसं काय?"

"लिहाले येगळं असते म्हणे."

"मले काय त्याचं, मी काय लिहून राहिली?"

हे इतके हसले की स्वयंपाकघरातून सासूबाई बाहेर डोकावल्या. अंगणात नवराबायको हसताहेत, हे तेव्हा बरं दिसत नसे. पण सासूबाई गालात हसून आत गेल्या.

सापाच्या शब्दानं ह्यांना फार छळलं. जीभ वळेचना. हे म्हणत "इस्नेक". मास्तर म्हणे, आधी फुसकारा, मग शब्द. साप काय "इ" म्हणत येतो का? मग हे अंगणात बसून स्‌ स्‌ करत, आणि गोठ्यातली गाय कान टवकारून बघे.

त्याच आठवड्यात ते घडलं.

वेचणी रंगात आली होती. आम्ही बायका सकाळपासून ओळी धरून चाललो होतो. लुगड्याचा पदर पोटाशी बांधून त्याची झोळी करायची, ती ओटी. बोंडातून कापूस ओढायचा आणि ओटीत टाकायचा, हात आपोआप चालतात, तोंड मोकळं असतं. माझ्या शेजारच्या ओळीत काशीबाई होती. मजुरीनं येणारी, माझ्या आईच्या वयाची, तोंडाची फटकळ. उन्हं डोक्यावर आली होती. ओटी जड झाली होती आणि ती रिकामी करायला आता ढिगाकडे जायचं, एवढ्यात मला वाटलं, ओटीतला कापूस हलला.

आधी वाटलं वारा. मग पोटाला गार लागलं. त्या उन्हात गार! आणि ते गार सरकत होतं.

"काशीबाई," मी म्हटलं.

तिनं पाहिलं. पांढऱ्या कापसातून बोटभर शेपूट बाहेर आली होती आणि बाकीचं सगळं माझ्या लुगड्याच्या निऱ्यांत उतरत होतं. "हालू नको पोरी," ती पुटपुटली. "हालू नको."

मी हलले नाही. किती वेळ, देव जाणे. मांडीला विळखा बसला, सुटला, मग कमरेवरून वर येत काहीतरी चोळीच्या गाठीशी घासलं आणि कानाजवळ फुसकारा ऐकू आला. त्यानंतर मी काही ठरवलं नाही. हातांनी ठरवलं. तोंडातून किंकाळी फुटली, काष्टा सुटला, कमरेची गाठ सुटली, चोळीची गाठ सुटली नाही तेव्हा ती फाटली. नऊ वार लुगडं काळ्या मातीवर पडलं, आणि त्यातून लांबच लांब पिवळट साप निघाला आणि पऱ्हाट्यांमधून सळसळत गेला.

चारी दिशांना कापूस होता, आणि माझ्या अंगावर सूत उरलं नव्हतं.

एक गोष्ट मी पुढे फक्त ह्यांना सांगितली. आज इथं सांगते, आता वय झालं. आम्ही बायका न्हायचो तेही लुगड्यात. स्वतःचं अंग असं उजेडात मी कधी पाहिलंच नव्हतं. त्या क्षणी भीती होतीच, तरी पाठीवर ऊन पडलेलं मला कळलं. पोटावरून वारा गेलेला कळला. छान वाटलं, असं नाही म्हणणार. पण ते माझं होतं आणि मला पहिल्यांदा भेटलं होतं, एवढं खरं.

मग बांधाकडून घोड्याच्या टापा आल्या.

पेढीचा साहेब उभं पीक पाहायला आला होता. त्याच्यासोबत दलाल, पुढे माझे सासरे, मागे गावातली दोनचार मोठी माणसं. हे तेवढे नव्हते, अमरावतीला मास्तरकडे गेले होते. माझी किंकाळी ऐकून सगळे धावत आले आणि बांधावर थबकले. साहेब काहीतरी ओरडला. एकच शब्द. दलाल खो खो हसला. आणि साहेबानं घोडा जागच्या जागी वळवला, आमच्याकडे पाठ केली.

मी मटकन खाली बसले. लुगड्याला हात लावायची हिंमत नव्हती, दुसरा साप असेल तर? तेव्हा काशीबाई पुढे आली आणि तिनं आपली ओटी माझ्यावर रिकामी केली. एवढं बघून तिच्या मागची आली. मग तिच्या मागची. एकेक बाई येई, ओटी सोडी आणि बाजूला उभी राही. कुणी ढिगातला कापूस कवेत भरून आणला. मी गळ्यापर्यंत कापसात बुडाले, फक्त डोकं वर. बायकांनी भोवती पाठ करून कडं केलं. आत ऊबदार होतं. मग मी रडले.

आता खरी अडचण सुरू झाली.

साप नाग असता तर कुणी काही बोललं नसतं. नाग म्हटला की लोक हात जोडतात, बाई वाचली म्हणून नारळ फोडतात. पण विहिरीवर कुणीतरी तर्क केला की ती धामण असणार, आणि धामण काय करते? उंदीर खाते. एका बिनविषारी धामणीपायी माळ्याच्या सुनेनं परक्या पुरुषांपुढे लुगडं सोडलं! पाणी भरायला गेले की मागून ऐकू येई, "येमुनेनं कात टाकली व बाई." यमुना म्हणजे मी. पोरं तर सरळ "नागडी" म्हणत.

एका सकाळी चुलीपाशी सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "खरं सांग. काय होतं थे?"

"धामण होती, आत्याबाई."

"तुले तवाच समजलं होतं?"

"नाई. जमिनीवर पडून पळाली तवा दिसली. आंगावर होती तवा मले फक्त साप होता."

त्या विस्तव सारखा करत राहिल्या. "नाग होता म्हटलं असतं तं सारं मिटलं असतं. पाहिलं कोणी? तू अन काशीनं. काशी काय, म्हणशीन थे सांगीन."

"पण नव्हता ना, आत्याबाई."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. त्या दिवसापासून कुणी चौकशीला आलं की त्याच आधी सांगून मोकळ्या होत, "धामण होती. बस, आता बोला." आलेला माणूस पाणी पिऊन परत जाई.

सासरे मात्र माझ्याकडे बघेनासे झाले. जेवायला बसले तरी पाठमोरे. ते वाईट नव्हते. त्यांच्या कानात दलालाचं हसू अडकलं होतं आणि साहेबाचा तो शब्द. साहेबानं आपल्या सुनेला सगळ्या गावासमोर शिवी दिली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कोणती शिवी, ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेली शिवी जास्त लागते. अखेर त्यांनी ठरवलं की मला अकोल्याला माहेरी पोचवायचं. "गोष्ट थंडी झाली का आणू," म्हणाले. गोष्ट कधी थंड होणार ते सांगितलं नाही. अशा गेलेल्या आणि परत न आलेल्या बायका मला माहीत होत्या.

त्या दिवशी उन्हं कलताना हे अमरावतीहून परतले. मी अंगणात होते, हे बाजेवर न पडता माझ्यापाशी येऊन खाली बसले.

"तुले ऐकू आलं होतं का, साहेब काय म्हणला थे?"

"आलं होतं. नेक म्हणला."

"नेक?"

"नेक माणूस म्हणतो नाई का आपण, तसं. मले तं तेवढंच ऐकू आलं." मला खरंच तेवढंच आलं होतं. सगळे मला निर्लज्ज म्हणत असताना, साहेब चांगली म्हणाला असेल असं मनाशी धरून मी दिवस काढत होते.

हे हळूच म्हणाले, "मास्तरले इचारून आलो. साप म्हणजे स्नेक, थो तुले येते. अन उघडं, आंगावर काही नाई असं माणूस, त्याले म्हणते नेकेड. दोन्हीत नेक हाये. यातला एखादा म्हणला असन."

मी दोन्ही शब्द जिभेवर फिरवून पाहिले. स्नेक. नेकेड. एकाच्या तोंडाशी फुसकारा, दुसऱ्याच्या शेपटाला गाठ, मधला जीव तोच.

"आपल्यातही तसंच हाये की," मी म्हटलं. "नाग अन नागडी."

ह्यांनी हे कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. "नाग, नागडी," हे पुटपुटले. "अवं, खरंच की! मास्तरले सांगतो उद्या."

"सांगा. अन सांगा का माया बायकोनं काढलं."

मग ह्यांनी मास्तरनं सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या धर्मात जगातली पहिली बाई आणि पहिला बाप्या एका बागेत राहत. अंगावर काही नसे आणि लाजही नसे. एक दिवस तिथं साप आला, बाईशी गोड बोलला, देवानं नको म्हटलेलं फळ खायला लावलं. ते खाल्लं आणि दोघांना कळलं की आपण उघडे आहोत. लाज जन्माला आली आणि त्यांनी पानं शिवून नेसली.

"मायं उलटंच झालं," मी म्हटलं. "त्यायचा साप आला अन त्यायनं नेसलं. माया आला अन मी सोडलं."

त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी हसले. हे हसले नाहीत. ह्यांनी माझ्या केसांतला कापसाचा तंतू काढला आणि म्हणाले, "त्या बाईसोबत तिचा बाप्या होता. मी नव्हतो." तेव्हाच मी ह्यांना ते पाठीवरच्या उन्हाचं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. हे ऐकत राहिले, आणि जसा नवा शब्द मनात ठेवत तसं ते कुठेतरी नीट ठेवून दिलं.

दुसऱ्या सकाळी गाडी जुंपली. माझं गाठोडं आत टाकलं. सासरे कासरे धरून बसले. मी चढले, आणि माझ्यामागून सासूबाई चढल्या, बगलेत स्वतःचं गाठोडं.

"तू कुठं?" सासरे म्हणाले.

"अकोल्याले. सून जाईन तं मीबी जातो. त्या दिवशी तिच्या जागी मी असती तं मीबी सोडलं असतं. मंग मले कुठं धाडलं असतं तुमी?"

सासऱ्यांनी कासरा झटकला. गाडी हलली. हे चाकाच्या बाजूनं चालत होते. गावाबाहेर वाट फुटते. उजवीकडे बडनेऱ्यावरून अकोला, डावीकडे आमचं शेत. डावीकडच्या बांधावर बायका उभ्या होत्या. वेचायला आल्या होत्या, पण एकीनंही ओटी बांधली नव्हती. काशीबाई सर्वांत पुढे, कमरेवर हात, नजर आमच्या गाडीवर. मजुरीला बाई मिळत नव्हती असे ते दिवस. जिकडेतिकडे बोंडं फुटून लोंबत होती.

सासऱ्यांनी बैल थांबवले. मागे न बघता विचारलं, "काहून रे, त्या साहेबानं काय म्हटलं होतं? मास्तरले इचारलं म्हणे तू."

"इचारलं बा. दोन शब्द हायेत. एक म्हणजे साप, एक म्हणजे उघडी. दोन्हीचा आवाज जवळ जवळ हाये. कोणता म्हणला थे मास्तरलेही सांगता आलं नाई."

"मंग?"

"मंग काय. साप होता, थे खरं. ही उघडी होती, थेही खरं. जे दिसलं थे साहेबानं सांगतलं, अन पाठ फिरवली. यात शिवी कोणती झाली, थे तुमी सांगा."

एक बैल मान झाडत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "हासला थो दलाल. अन दलालाच्या हासण्यापायी सून धाडून राहिले तुमी."

सासऱ्यांनी पगडी काढली, डोकं पुसलं, परत घातली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मानेवरचा घाम दिसत होता. मग त्यांनी डावा कासरा ओढला.

गाडी बांधाला लागली. "उतरा," ते म्हणाले. आवाज जड होता. "वारं सुटून राहिलं. उभा कापूस मातीत जाईन." आणि मी उतरताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून, "सांभाळून, पोरी."

काशीबाईनं ओळीत जागा केली. सासूबाई माझ्या एका बाजूला, ती दुसऱ्या. मी काष्टा कसला, पोटाशी ओटी बांधली. हात पुढे नेला, आणि आधी पऱ्हाटी धरून गदागदा हलवली. बायका फिदीफिदी हसल्या. सासूबाईंनीही आपली पऱ्हाटी हलवली, मग काशीबाईनं, मग सगळ्या ओळीनं, आणि हसणं बांधापर्यंत पोचलं.

मग मी बोंडात हात घातला.